बारा नंबरचं पोर्ट

जळगाव एमआयडीसी, भारंबे दालमिल, मागची खोली.
स्विचचं झाकण काढलं
तर आत तुरीची पिवळी भुकटी,
बोटभर.
हुसेन तडवींनी फुंकर मारली, शिंकले,
म्हणाले, ‘बारा वर्षं हा डाळ खाऊन चालतोय.’

काम कागदावर सोपं होतं :
एका मिलच्या दोन करायच्या.
सुपडूशेठ पुढच्या ऑफिसात, यादवशेठ गोदामाकडे.
मधली भिंत अजून व्हायची होती,
गवंडी दिवाळीनंतर येणार,
म्हणून भिंत आधी वायरीत घालायची.
डबा एकच, वीज एकच, पंखा एकच,
फक्त एक ते अकरा पोर्टांना कळू नये
की तेरा ते चोवीस जिवंत आहेत.

मी खाली फरशीवर, पक्कड घेऊन.
पांढरा-नारिंगी, नारिंगी,
पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा,
पांढरा-तपकिरी, तपकिरी.
पहिल्या महिन्यात हे मी झोपेत बडबडायचो, आई घाबरली होती.
तारा जोडीजोडीनं पिळलेल्या असतात.
पीळ उगाच नसतो, तडवी सांगतात,
त्याच्यामुळे एकीचा गोंगाट दुसरीत शिरत नाही.
सोडवायचा तो शेवटच्या अर्ध्या इंचात.
त्याहून जास्त उकललास
की लागल्या एकमेकींचं ऐकायला.

वाटणी आधीच झालेली, वहीत, वकिलासमोर.
सावद्याच्या केळी गोदामाची लाईन यादवशेठकडे :
भाड्याची, रस्त्याकडेनं गाडलेली, पुलावरून तापी ओलांडणारी,
कुठेही जेसीबीनं दात लावला की
आमचा फोन वाजतो.
सुपडूशेठकडे पुण्याचा मुलगा,
तो रोज रात्री व्हीपीएनमधून आत येतो, हिशेब बघतो, निघून जातो.
तडवी त्याला कसाऱ्याचा बोगदा म्हणतात.
बाहेरच्याला डोंगर दिसतो, गाडी नाही.

वायफायचा पासवर्ड होता त्यांच्या आईचं नाव.
तो दोघांनाही बदलायचा नव्हता.
मी एकाच्या नावापुढे एक लिहिलं, दुसऱ्याच्या पुढे दोन.
दोघांनी विचारलं, एक कोण?

मग राहिला प्रिंटर.
बारा नंबर.
खडखडत छापणारा, तीन प्रतींत, कडेला भोकं असलेल्या कागदावर,
तसला आता मिळत नाही.
कोणाचा?
दोघंही स्विचकडे बघत राहिले, जसं त्याला माहीत असावं.
यादवशेठ म्हणाले, ‘राहू दे तठीच.’
सुपडूशेठ म्हणाले, ‘मले काय, राहू दे.’
त्या दिवशी ते एकमेकांशी एवढंच बोलले,
तेही प्रिंटरकडे तोंड करून.
मी नियम लिहिला :
बाराकडे दोघांनी जावं,
बारानं दोघांचं ऐकावं,
एकमेकांकडे कोणी जाऊ नये.

संध्याकाळी तपासणी.
पुढच्या मशीनवरून मागच्या मशीनला हाक मारली.
चारदा.
चारदा उत्तर नाही.
तडवींनी माझ्या पाठीवर थाप मारली.
आमच्या धंद्यात अशी कामं थोडी,
जिथं उत्तर न येणं म्हणजे काम बरोबर.

तेवढ्यात बारा नंबर खडखडला.
पुढचं बिल आलं,
त्याच्या पाठोपाठ मागचं,
फाडायच्या रेषेवर चिकटलेलं.
सुपडूशेठनं चष्मा लावला,
आपलं वाचलं,
मग दुसरंही वाचलं.
‘कमी लावला गड्यानं भाव,’ म्हणाले,
कोणालाच नाही.
रेषेवरून जपून फाडलं, उलटं केलं,
माझ्या हातात दिलं : ‘त्याले नेऊन दे.’

दहा-बारा पावलं, पोत्यांच्या थप्पीमधून.
पाकीट असंच जात असावं :
कुठून निघालो, कुठे पोचायचं, तेवढं माहीत,
आत काय आहे
ते आपलं काम नाही.

यादवशेठनं कागद घेतला, सरळ केला.
‘काही बोल्ला का?’
मी म्हणालो, नाही.

बाहेर तडवी गाडीवर शिडी बांधत होते.
आमचं बिल कोणाच्या नावानं करायचं
ते अजून ठरलेलं नाही.